आता फायली येतील

१६०१ कोटी रुपये. या आकड्यातला शेवटचा एक मला फार आवडला. लग्नाच्या आहेरात पाचशेवर एक रुपया ठेवतात, तसा सोळाशे कोटींवर एक कोटी. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत विकत घ्यायला मंजुरी दिली आणि पुढच्या मार्चमध्ये केंद्रानेही होकार कळवला. या रकमेशिवाय राज्याने स्वतःचं २९८ कोटी ४२ लाखांचं येणं सोडून दिलं. ते कसलं येणं, तर अनर्जित उत्पन्न, म्हणजे सरकारी जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला सरकारचा वाटा, आणि त्यावरचं व्याज. जमीन मुळात राज्याचीच होती, १९७०मध्ये एअर इंडियाला दिलेली. म्हणजे आपल्याच जमिनीवर दुसऱ्याने बांधलेलं घर सरकारने विकत घेतलं, आणि भाडेकरूने थकवलेलं देणंही माफ केलं.

बातमी आली त्या दिवशी आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर सुतकी वातावरण होतं. 'काय होतं आणि काय झालं', 'जेआरडींना काय वाटलं असतं', 'आता पानाच्या पिचकाऱ्या'. मलाही चुटपुट लागली, नाही असं नाही. पण त्या मनोऱ्याची उतरती कळा नेमकी कुठे सुरू झाली हे शोधत मागे जायला लागलो तेव्हा १९९३, २००७, २०१३ अशी सगळ्यांना पाठ असलेली स्थानकं सोडून मी पार १९७०पर्यंत जाऊन पोचलो. तेव्हा ही इमारत उभीही नव्हती.

नव्वदच्या दशकात माझी नोकरी त्याच पट्ट्यात होती. चर्चगेटला उतरायचं, शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं, चौथा माणूस मिळाला की टॅक्सी हलायची. डाव्या हाताला ऑफिसं, उजवीकडे समुद्र आणि समोर पांढरा मनोरा, डोक्यावर लाल अक्षरं. पावसाळ्यात टॅक्सी न मिळाल्यास चालत निघायचं धाडस नवखेच करत. मरीन ड्राइव्हच्या टोकाला वारा छत्रीची जी अवस्था करतो ती पाहिली की, या जागी माणसांनी येऊन कारकुनी करावी असं समुद्राला मुळीच मान्य नसावं, याची खात्री पटे.

त्या इमारतीत मी कधी काम केलं नाही. माझा तिच्याशी संबंध त्याच्याही आधीचा, आणि तो एका बॅगेचा. आत्याचे थोरले दीर परदेशी जाऊन आले होते आणि त्यांची एअर इंडियाची खांद्याला लावायची बॅग घरात उरली होती. तिचा प्रवास पुढे कर्जत-दादरच्या पलीकडे झाला नाही, पण ती बॅग घेऊन निघालेला माणूस फलाटावर थोडा वेगळा उभा राहायचा. त्या काळात विमानात न बसलेल्या लाखो मराठी माणसांना एअर इंडिया ठाऊक होती ती अशी: बॅग, कमरेत वाकलेला महाराजा, आणि मरीन ड्राइव्हच्या टोकाचा हा मनोरा.

हा मनोरा १९७४मध्ये पुरा झाला. २३ मजले. वास्तुविशारद न्यूयॉर्कचे जॉन बर्गी. फिलिप जॉन्सन आणि बर्गी ही जोडी तेव्हा अमेरिकेत जोरात होती. मिनीॲपोलिसचं आयडीएस सेंटर, ह्यूस्टनचं पेनझॉइल प्लेस ही त्यांची त्याच दशकातली कामं. पुढे १९८४मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एटी अँड टी कंपनीच्या गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर जुन्या लाकडी कपाटाला असतो तसा मधोमध कापलेला नक्षीदार त्रिकोण बसवला आणि जगभरच्या वास्तुविशारदांत खडाजंगी लावून दिली. आपल्या मनोऱ्याच्या वाट्याला असलं काही आलं नाही. तो त्यांच्या सरळ काळातला. पांढरा, ताठ, खिडक्यांच्या ओळीवर ओळी. माथ्यावर काय, तर कंपनीचं नाव आणि धनुर्धारी नरतुरंग, म्हणजे अर्धा माणूस आणि अर्धा घोडा, जो तेव्हा एअर इंडियाचं बोधचिन्ह होता.

मला विचाराल तर इमारत म्हणून ती फार थोर नाही. तिची खरी कमाल जागेत आहे. मरीन ड्राइव्हचा चंद्रकोरीसारखा वळलेला रस्ता, त्याच्या कडेने पाच-सहा मजली आर्ट डेको इमारतींची एकसारख्या उंचीची रांग, आणि त्या रांगेच्या दक्षिण टोकाला एकदम हा उंच खांब. चौपाटीवर भेळ खाताना, मलबार हिलच्या उतारावरून, वाळकेश्वरच्या वळणावरून, कुठूनही बघा, नजर फिरून तिथेच जाऊन थांबते. सगळ्या शहराला वळून बघायला लावणारी जाहिरात, आणि रोजचं भाडं शून्य. ज्याने ही जागा हेरली त्याला विमान कंपनी काय विकते हे पक्कं कळलं होतं.

उणीव कुठे आहे ते त्याच जोडीच्या दुसऱ्या कामाशेजारी ठेवलं की दिसतं. तिथून चालत काही मिनिटांवर एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर आहे, १९८०चं, फिलिप जॉन्सन यांनी केलेलं. त्यात ध्वनिशास्त्रज्ञ सिरिल हॅरिस यांच्या मदतीने अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृह उभं केलं, हजारभर माणसं मावतील असं, तरी गवई जवळ बसल्यासारखा वाटेल आणि ध्वनिक्षेपकावाचून सूर शेवटच्या रांगेत पोचेल असं. म्हणजे इथल्या गाण्याला काय लागतं हे या मंडळींनी समजून घेतलं होतं. इथल्या हवेला काय लागतं हे मात्र ऑफिसच्या मनोऱ्यात कुणी विचारलेलं दिसत नाही. पश्चिमेला समुद्र, दुपारचं ऊन थेट अंगावर, जूनपासून तिरपा पाऊस, आणि बाहेर पाऊल टाकायला एक गॅलरी नाही. वातानुकूलन आहे ना, मग झालं. त्या पिढीच्या सगळ्याच कचेऱ्यांची ही श्रद्धा होती. १९८३मध्ये कंबाला हिलवर चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा ही ३२ मजली निवासी इमारत पुरी केली. तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या, म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच आकाशात नेला, ऊन-पाऊस अडवून वारा आत घेणारा. तुलना थोडी अन्यायाची आहे, एक कचेरी आणि एक घर. पण कोरियांचं नाव मी इथे उगाच काढलेलं नाही. ते पुढे पुन्हा येणार आहे.

आत मात्र ती इमारत श्रीमंत होती, आणि पैशाने श्रीमंत असं मी म्हणत नाही. एअर इंडियाने १९५०च्या दशकापासून चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा या चित्रकारांना फारसं कुणी विचारत नव्हतं. नागपूरजवळच्या बेल्याच्या बी. प्रभा यांची बायकांची चित्रं ही त्या संग्रहाची सुरुवात. मग हुसेन, रझा, नागपुरात जन्मलेले आणि मूळचे गोव्याचे वासुदेव गायतोंडे. कधी पैसे देऊन, कधी विमानाची तिकिटं देऊन. संग्रह वाढत वाढत हजारोंच्या घरात गेला. चित्रं मुख्य कार्यालयात लागली, जगभरच्या बुकिंग ऑफिसांत लागली.

आणि साल्वादोर दालीचा तो ॲशट्रे! १९६७मध्ये एअर इंडियाने दालीकडून पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला चिनी मातीचा ॲशट्रे करून घेतला. मधे शिंपला, त्याभोवती साप, आधाराला हंस आणि हत्ती, पण असे की हंस उलटा केला की हत्तीचं डोकं दिसावं आणि हत्ती उलटा केला की हंस. मोबदला म्हणून दालीने हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने खरंच बंगळूरहून पिल्लू विमानाने जिनिव्हाला नेलं आणि तिथून स्पेनमध्ये त्याच्या गावी पोचवलं. एका सरकारी उपक्रमाने हत्ती खर्ची टाकला, हे वाक्य मी अनेकदा मनात म्हणून बघतो. तो खर्च लेखापरीक्षणात कसा बसवला असेल हे वाचायला मला कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त आवडेल.

हो, सरकारी. हे आपण विसरतो. १९५३मध्येच एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. ही इमारत बांधली तेव्हा मालक सरकारच होतं आणि अध्यक्ष जे. आर. डी. टाटा. त्यामुळे 'खाजगी होतं तेव्हा सोनं, सरकारी झालं आणि माती' ही गटावरची सोपी मांडणी तारखांना पटत नाही. फेब्रुवारी १९७८मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. त्याच वर्षी १ जानेवारीला कंपनीचं पहिलं जंबो, 'एम्परर अशोका', सांताक्रूझहून उडून मिनिटा-दोन मिनिटांत वांद्र्यापुढच्या समुद्रात कोसळलं होतं आणि २१३ माणसं गेली होती. मनोऱ्याला तेव्हा चार वर्षंसुद्धा झाली नव्हती.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. मी त्या दिवशी ऑफिसात होतो. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. आधी शेअर बाजार, मग बाकीची ठिकाणं, त्यांत एअर इंडियाची इमारत. खाली ठेवलेल्या मोटारीत बॉम्ब होता. तिथे २० माणसं गेली, मुंबईत मिळून २५७. वरची परदेशी बँकेची कचेरी उद्ध्वस्त झाली. मनोरा उभा राहिला. पुढच्या आठवड्यात लोक पुन्हा शेअर टॅक्सीच्या रांगेत होते, आणि त्याला सगळ्यांनी मुंबईचं स्पिरिट म्हटलं. आम्हाला पगार हवा होता.

गंमत म्हणजे नरिमन पॉइंटची खरी भरभराट त्याच सुमारास झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इथली भाडी जगातल्या सगळ्यांत महागड्या ऑफिसांच्या पंक्तीत जाऊन बसली होती. मग वांद्रे-कुर्ला संकुल आलं. राष्ट्रीय शेअर बाजार तिकडे गेला, बँका गेल्या, पाठोपाठ वकील आणि सल्लागार गेले. २००७मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचं लग्न लावून दिलं आणि कर्जाचा डोंगर वाढत गेला. २०१३मध्ये मुख्यालय दिल्लीला हललं आणि मनोऱ्याचे मजले भाड्याने निघाले. पुढे इमारत विकायला काढली तेव्हा बोली लावणारे कोण, तर जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट, एलआयसी आणि महाराष्ट्र सरकार. एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात. जानेवारी २०२२मध्ये टाटांनी विमान कंपनी परत घेतली, पण त्या सौद्यात ही इमारत नव्हती. चित्रंही नव्हती. ती आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे आहेत. टाटांना विमानं मिळाली, महाराजा मिळाला. मरीन ड्राइव्हच्या टोकावरचं घर नाही.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं आहे जमिनीबद्दल.

ज्या जागेवर हा मनोरा उभा आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी समुद्र होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॅकबेमध्ये भराव घालायची प्रचंड योजना निघाली, आठ टप्प्यांची. भिंतीतून गाळ वाहून जायचा, पैसा त्याहून वेगाने. वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी त्यातले गैरव्यवहार उघड्यावर आणले. हार्वे नावाच्या अभियंत्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि १९२८मध्ये नरिमन निर्दोष सुटले. योजना अर्धवट आवरली गेली. स्वातंत्र्यानंतर राहिलेल्या टप्प्यांतला भराव पुन्हा सुरू झाला आणि त्यातून जे टोक निघालं त्याला नाव दिलं नरिमन पॉइंट. भरावाविरुद्ध आयुष्यातली उमेदीची वर्षं खर्चणाऱ्या माणसाचं नाव भरावालाच देणं, हा सूड म्हणावा की गौरव, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

या टोकावर आणखी कचेऱ्या उभ्या करू नका, असं सांगणारी माणसं तेव्हाही होती, आणि ती रस्त्यावर घोषणा देणारी माणसं नव्हती. १९६५मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक आराखडा मांडला. मुंबई ही लांबट, निमुळती. नोकऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं उत्तरेला. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर. टोकाला एक मजला वाढला की विरार-कल्याणच्या गाड्यांत गर्दी वाढते. तेव्हा खाडीपलीकडे नवं शहर वसवा, म्हणजे पूर्व-पश्चिम ओढ निर्माण होईल. आणि ते शहर नुसत्या घरांनी उभं राहणार नाही. त्याला ओढणारं इंजिन लागेल. ते इंजिन म्हणजे राज्य सरकार. मंत्रालय, विधानभवन, झाडून सगळं तिकडे न्या. बाकीचे आपोआप येतील.

सरकारने आराखडा मान्य केला. मार्च १९७०मध्ये ते नवं शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. कोरिया त्याचे मुख्य वास्तुविशारद झाले. आणि त्याच १९७०मध्ये, त्याच सरकारने, नरिमन पॉइंटचा भूखंड एअर इंडियाला दिला.

हे दोन कागद एकाच वर्षाचे. एका हाताने खाडीपलीकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्या हाताने टोकावरचे भूखंड वाटायचे. एअर इंडिया, एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय, मग रांगच लागली. स्वतः सरकार गेलं का? १९८१मध्ये विधानभवनाची नवी इमारत झाली, ती बेलापूरला झाली नाही, नरिमन पॉइंटलाच झाली. नव्या मुंबईकडे कांदे-बटाटे गेले, घाऊक बाजार गेले, कोकण भवन गेलं. मंत्री गेले नाहीत. इंजिन यार्डातून निघालंच नाही, आणि डब्यांना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणून सांगितलं गेलं. तरीही नवी मुंबई उभी राहिली, याचं श्रेय तिथे राहायला गेलेल्या माणसांचं.

म्हणून मला या मनोऱ्याची उतरती कळा कंपनीच्या तोट्यात दिसत नाही. कंपन्या येतात-जातात, इमारत नवा भाडेकरू शोधते. तिचं दुखणं जन्माआधीचं आहे. जिथे आणखी माणसं बोलवायची नव्हती तिथे दिमाखाने माणसं बोलावणं हेच तिचं काम होतं, आणि ते तिने उत्तम केलं. मी तिच्याकडे बघत टॅक्सीच्या रांगेत उभा असायचो, अंगावर लोकलमध्ये चुरगळलेला शर्ट, आणि माझ्या डोक्यात हे कधीच आलं नाही की माझ्या दीड तासाच्या प्रवासाचा आणि त्या देखण्या लाल अक्षरांचा काही संबंध आहे.

आता खरेदीची कारणं सरकारने दिली आहेत आणि ती खोटी नाहीत. जून २०१२मध्ये मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले आणि असंख्य फायली जळाल्या, पाच माणसं गेली. तेव्हापासून अनेक खाती इकडे-तिकडे भाड्याच्या जागांत विखुरलेली आहेत. या इमारतीत ४६,४७० चौरस मीटर जागा आहे, म्हणजे जवळपास पाच लाख चौरस फूट. भागून पाहिलं तर चौरस फुटाला बत्तीस हजार पडतात. त्या परिसरात हा भाव महाग म्हणता येणार नाही. हिशेबनिसाच्या नजरेने सौदा चोख आहे.

पण १९६५चा कागद ज्याने वाचला आहे त्याला हसू येतं. टोक सोडून जायचं म्हणून ज्याने शब्द दिला होता, त्याने साठ वर्षांनी टोकावरची सगळ्यांत ठसठशीत इमारत स्वतःच घेतली. खाजगी कंपन्या कोरियांचं ऐकल्यासारख्या वांद्र्याला, ठाण्याला, ऐरोलीला निघून गेल्या. ज्याच्यासाठी आराखडा काढला तेवढा मागे राहिला. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावते आहे, विधानभवनाचं स्वतंत्र स्थानक आहे. सागरी किनारा रस्ता मरीन ड्राइव्हला येऊन मिळतो. हजारो कोटींची सगळी सोय पुन्हा माणसांना टोकाकडे आणायची.

गटावरच्या मित्रांना पिचकाऱ्यांची काळजी आहे. मला ती नाही, रंग परत देता येतो. मला एवढंच वाटतं की इमारत घेतलीच आहे तर तळमजल्यावर चित्रं परत लावा. प्रभांची, गायतोंड्यांची, आणि काचेच्या पेटीत तो ॲशट्रे. संग्रहालय केंद्राचं, इमारत राज्याची, पत्रव्यवहाराला दहा वर्षं लागतील हे मला माहीत आहे. तरी सुरुवात करा. प्रतीक्षेला बसणाऱ्यांची तिथे कमी पडणार नाही.

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर बसून माणूस येतो. कल्याण, ठाणे मागे पडतं. मंत्रालय बेलापूरला असतं तर तो ठाण्याला उतरून तिकडची गाडी धरून सकाळीच पोचला असता. तसं ते नाही, म्हणून तो शेवटपर्यंत येतो, सीएसएमटीला हातपाय धुतो, चहा घेतो आणि विचारत विचारत टोकाकडे निघतो. मंत्रालयात सामान्य माणसाला वर्षानुवर्षं दुपारी दोननंतरच पास मिळत आला आहे. आता त्याला रांगेत उभं केल्यावर सांगतील, तुमचं खातं इथे नाही, ते एअर इंडियात गेलं. तो पिशवी उचलेल, मागे वळून विचारेल, "विमानतळावर?"